चहा स्वस्त झाला होता, मग बॉस्टनवाल्यांनी तो समुद्रात का फेकला?

अनवट

शाळेत आपण एका ओळीत शिकलो की इंग्लंडने चहावर कर लावला, अमेरिकेतल्या वसाहतींमधले लोक भडकले, त्यांनी चहा समुद्रात फेकला आणि पुढे स्वातंत्र्ययुद्ध झालं. सध्या या विषयावर जरा खोलात जाऊन वाचतोय आणि एका जागी अडकलोय. १७७३ च्या चहा कायद्याने नवीन कर लावलाच नव्हता! एक पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासून चालू होता. ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडने काच, कागद, रंग, शिसं यांच्यावर बसवलेले बाकीचे कर १७७० मध्ये काढून टाकले, फक्त चहावरचा ठेवला. १७७३ मध्ये झालं एवढंच की ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा थेट अमेरिकेत नेऊन विकायची मुभा मिळाली, इंग्लंडमध्ये भरावी लागणारी जकात माफ झाली, मधले दलाल गेले. म्हणजे चहा आधीपेक्षा स्वस्त. चोरून येणाऱ्या डच चहाच्याही खाली भाव जाईल असा हिशोब होता.

मग स्वस्त चहा कोण फेकतं? माझं मत असं की यात तत्त्वापेक्षा धंदा जास्त होता. बॉस्टनचे बडे व्यापारी स्मगलिंगवर पोसलेले, जॉन हॅनकॉकचं 'लिबर्टी' जहाज १७६८ मध्ये कस्टमवाल्यांनी जप्त केलं ते दारूवरचा कर चुकवल्याच्या आरोपावरूनच. कंपनीचा स्वस्त माल आला की यांचा बाजार उठला. 'प्रतिनिधी नाही तर कर नाही' ही घोषणा त्यावर चढवलेला मुलामा. बोला मंडळी.

घाटमाथा

मस्त विषय. रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनजवळ राहते त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्यच नाही :)

स्मगलिंगचा मुद्दा खरा आहे पण तो अर्धाच. त्या करातून येणारा पैसा जात कुठे होता ते बघा. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा पगार आधी तिथली विधानसभा मंजूर करायची. गव्हर्नर डोक्यावर बसायला लागला की सभा पगार अडवायची, लोकांच्या हातात तेवढी एकच दोरी होती. १७७२ पासून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचा पगार या जकातीच्या पैशातून थेट राजाकडून द्यायचं ठरलं. दोरी तुटली. आता चहा जितका जास्त खपेल तितका गव्हर्नर लोकांपासून मोकळा. स्वस्त चहा म्हणूनच जास्त धोक्याचा वाटला, कारण महाग चहा लोकांनी तसाही घेतला नसता, स्वस्त चहा सगळ्यांनी घेतला असता आणि कर गुपचूप भरला गेला असता, आणि एकदा भरला की पार्लमेंटचा हक्क मान्य केल्यासारखं झालं.

आणि चहा विकायचा परवाना कोणाला? बॉस्टनमध्ये ज्या मोजक्या पेढ्यांना कंपनीने माल पाठवला त्यात गव्हर्नर हचिन्सनची दोन मुलं होती.

तारखेचीही गंमत आहे. 'डार्टमाउथ' जहाज २८ नोव्हेंबरला बंदरात आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर कस्टम माल जप्त करणार, मग तो लिलावात विकला जाणार आणि कर वसूल होणार. लोक म्हणत होते जहाज माल न उतरवता परत पाठवा, हचिन्सन म्हणाला जकात भरल्याशिवाय परतीचा परवाना देणार नाही. मुदत १७ डिसेंबरला संपत होती. १६ डिसेंबरला ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये काही हजार लोक जमले, संध्याकाळी गव्हर्नरचा शेवटचा नकार आला आणि त्याच रात्री तीन जहाजांवरच्या ३४० च्या वर पेट्या फोडून पाण्यात टाकल्या. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघालेली चहाची जहाजं परत फिरवली गेली, चार्ल्सटनला माल उतरवून गोदामात पडून राहिला. फेकाफेकी बॉस्टनलाच झाली कारण तिथला गव्हर्नर एक पाऊल मागे घ्यायला तयार नव्हता.

शेवंता

पगाराचा मुद्दा नव्याने कळला, धन्यवाद. आमच्या सोसायटीत हेच चाललंय, वॉचमनचा पगार अजून बिल्डर देतो आणि मेंबरांनी काही सांगितलं की तो म्हणतो साहेबांना विचारा. मेंटेनन्स कमी आहे म्हणून सगळे खूष आहेत!

रोखठोक

मी थोडं इंग्रजांच्या बाजूने बोलतो, मारू नका.

सात वर्षांचं युद्ध (१७५६-६३) ब्रिटनने फ्रेंचांशी लढलं, त्याची सुरुवातच मुळात अमेरिकेत ओहायो खोऱ्यात झाली आणि फ्रेंच कॅनडातून गेले याचा सगळ्यात मोठा फायदा या वसाहतवाल्यांना झाला. ब्रिटनचं कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या पुढे गेलं. लंडनचा माणूस बॉस्टनच्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. मग थोडा भार तुम्ही उचला म्हटलं तर काय चुकलं? आणि प्रतिनिधी नाही म्हणता, तर मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा खासदार नव्हता तेव्हा. ते लोक कर भरत होतेच की. त्यांनी नाही फेकला चहा.

घाटमाथा

रुमाल उचलतो.

रोखठोक, मँचेस्टरला खासदार नव्हता हे बरोबर, पण त्यावरून पार्लमेंट किती सडलं होतं एवढंच सिद्ध होतं, अमेरिकनांचं म्हणणं खोटं ठरत नाही. शिवाय मँचेस्टरला स्वतःची विधानसभाही नव्हती. व्हर्जिनियाची सभा १६१९ पासून भरत होती. म्हणजे दीडशे वर्षं हे लोक आपल्यावरचे कर आपणच ठरवत आले होते, लंडन व्यापाराचे नियम करायचं आणि आत फारसं नाक खुपसायचं नाही. १७६५ मध्ये स्टॅम्पचा कायदा आला आणि कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, करारपत्रं, अगदी खेळायचे पत्ते, सगळ्यावर शिक्का. वकील, छापखानेवाले, व्यापारी, तोंड असलेले सगळे लोक एकदम दुखावले गेले, असला मूर्खपणा कुठलंही सरकार करू नये. पुढच्या वर्षी तो मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ठेवला की पार्लमेंटला वसाहतींसाठी वाट्टेल त्या बाबतीत कायदे करायचा अधिकार आहे. पैसे सोडले, अधिकार धरून ठेवला. खरी ठिणगी मला तिथे दिसते. नंतरची सगळी भांडणं त्या एका वाक्यावरची आहेत.

युद्धाचा फायदा म्हणता तर तोही पूर्ण मिळू दिला नाही. १७६३ लाच राजाने फर्मान काढलं की अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायची नाही. जमिनीत पैसे घातलेले वॉशिंग्टनसारखे लोक नाराज झाले ते तिथपासून.

खमंग

समुद्राच्या पाण्यात एवढा चहा म्हणजे खारट चहाचा जगातला सगळ्यात मोठा टोप. काश्मिरी पाहुणे आले असते तर आवडीने प्याले असते. पण आसामचा कडक चहा वाया गेला याचं वाईट वाटतं.

जुनंपान

आसामचा नाही हो खमंग, आसामात चहाची लागवड १८३० च्या दशकापासूनची. बॉस्टनला बुडाला तो सगळा चिनी चहा. बोही सगळ्यात जास्त, शिवाय काँगू, सूचाँग, सिंगलो आणि हायसन. यातले शेवटचे दोन तर हिरवे चहा.

पण आपल्याशी संबंध आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग वाटतो. कंपनीच्या गोदामात एवढा चहा पडून का होता? कारण कंपनी बुडायला आली होती. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी मिळाली, साहेबलोकांनी लूट केली, १७७० चा दुष्काळ पडला तेव्हाही महसूल वसूल करत राहिले, वॉरन हेस्टिंग्जच्याच अंदाजाने बंगालची एक तृतीयांश माणसं मेली. १७७२ मध्ये कंपनीकडे सरकारला द्यायचे पैसे उरले नाहीत. मग १७७३ मध्ये लंडनने एकाच दमात तीन गोष्टी केल्या, कंपनीला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला आणि पडून असलेला चहा खपावा म्हणून चहा कायदा केला.

अमेरिकनांना हे माहीत होतं! पेनसिल्व्हेनियाचा वकील जॉन डिकिन्सन याने १७७३ च्या नोव्हेंबरात टोपणनावाने पत्रक लिहिलं, त्यात कंपनीने आशियात काय केलं, भुकेने किती माणसं मेली, आणि हेच लोक आता अमेरिकेकडे वळलेत असा इशारा दिला. चहाच्या पेटीमागे बंगाल दिसत होता त्या लोकांना. अनवट, नुसता धंद्याचा राग असता तर असं पत्रक कोणी लिहिलं नसतं.

मावळतीकर

जुनंपान, रेग्युलेटिंग अ‍ॅक्टचा धागा थेट पुण्यात येतो. त्या कायद्याने मुंबईकर इंग्रज युद्ध आणि तहाच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली गेले. इकडे ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणरावांचा खून, मग राघोबादादा मुंबईकरांकडे, मार्च १७७५ ला सुरतेचा तह. कलकत्त्याने तो तह अमान्य केला, माणूस पाठवून १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. इंग्रजांच्या त्या दोन तोंडांचा फायदा नाना फडणवीसांनी पुरेपूर घेतला.

आणि १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात आला, नानांनी त्याची चांगली बडदास्त ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात साराटोगाला इंग्रज सेनापती बरगॉइनचं अख्खं सैन्य अमेरिकनांना शरण गेलं आणि फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. आता कलकत्त्यात बसलेल्या हेस्टिंग्जला काय वाटलं असेल विचार करा, अमेरिकेत फ्रेंच, पुण्यात फ्रेंच. जानेवारी १७७९ ला वडगावात मराठ्यांनी इंग्रजांना कोंडून तह करायला लावला तो याच धामधुमीत.

त्रिज्या

म्हणजे मराठ्यांनी अमेरिकेला स्वातंत्र्य मिळवून दिलं असा फॉरवर्ड उद्या ग्रुपवर येणार :)

मावळतीकर

नाही नाही, तसं अजिबात म्हणायचं नाही. नाना आणि महादजी आपल्या दौलतीसाठी लढत होते, बॉस्टनसाठी नाही. पण इंग्रजांना एकाच वेळी अमेरिका, वेस्ट इंडीज, जिब्राल्टर, पुणे आणि म्हैसूर असं सगळीकडे लढावं लागलं हे खरं आहे. पेनसिल्व्हेनियाच्या एका जहाजाचं नाव चक्क 'हैदर अली' होतं, १७८२ मध्ये त्याने एक ब्रिटिश जहाज पकडलं. मराठे आणि इंग्रजांचा सालबाईचा तह मे १७८२, अमेरिकेचा पॅरिसचा तह सप्टेंबर १७८३. मधे जून १७८३ ला कडलूरला इंग्रज आणि फ्रेंच लढतच होते, तहाची बातमी पोचायची होती.

रोखठोक

आणि अमेरिकेत यॉर्कटाउनच्या निर्णायक लढाईत हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला, टिपूकडून १७९२ मध्ये निम्मं राज्य काढून घेतलं, तेही मराठे आणि निजाम यांना बरोबर घेऊन. गाझीपूरला त्याची कबर आहे. अमेरिकेत गेलं ते इंग्रजांनी इथे भरून काढलं असं मला कायम वाटत आलंय.

पाऊलखूण

उशिरा आले. सगळे प्रतिसाद वाचले, पण स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणताना एक गोष्ट कोणीच काढली नाही म्हणून लिहिते.

तेव्हा वसाहतींची लोकसंख्या साधारण पंचवीस लाख आणि त्यातले पाचेक लाख गुलाम. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सगळी माणसं समान जन्माला येतात हे लिहिणारा जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचा मालक. मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद घातला होता, काँग्रेसने (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने) तो काढला. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्या बाजूने लढतील ते मुक्त. हजारो पळून इंग्रजांकडे गेले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्य म्हणजे राजाचा लाल कोट! युद्ध संपल्यावर तीनेक हजार कृष्णवर्णीय न्यूयॉर्कहून जहाजात बसून नोव्हा स्कोशियाला गेले, तिथेही नीट जमिनी मिळाल्या नाहीत, म्हणून १७९२ मध्ये त्यातले हजाराच्या वर सिएरा लिओनला गेले.

आणि मूळ रहिवासी. इरोक्वॉय संघाच्या सहा राष्ट्रांत या युद्धाने फूट पाडली, ओनायडा आणि टस्कारोरा अमेरिकनांकडे, बाकीचे बहुतेक इंग्रजांकडे. १७७९ मध्ये वॉशिंग्टनच्या हुकुमावरून जनरल सलिव्हनने त्यांची चाळीसच्या वर गावं जाळली, उभा मका आणि फळबागा तोडल्या. चहा फेकणारे याच सहा राष्ट्रांतल्या मोहॉकांचा वेष घेऊन गेले होते हे आठवलं की मला फार त्रास होतो.

घाटमाथा

+१. हे धाग्यात यायलाच हवं होतं.

रोखठोक

पाऊलखूण, मग तुमच्या मते हे स्वातंत्र्ययुद्ध ढोंग होतं का?

पाऊलखूण

नाही, आणि हेच मला नीट सांगायचंय. शब्द एकदा बाहेर पडले की ते लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. मॅसॅच्युसेट्सने १७८० मध्ये आपली राज्यघटना केली, त्यात लिहिलं की सगळी माणसं स्वतंत्र आणि समान जन्माला येतात. पश्चिमेकडच्या शेफील्ड गावात बेट नावाची एक गुलाम बाई होती, तिला लिहिता वाचता येत नव्हतं. ती थिओडोर सेजविक नावाच्या वकिलाकडे गेली आणि या कायद्याने मी मुक्त होते की नाही असं विचारलं. १७८१ मध्ये ती खटला जिंकली, पुढे एलिझाबेथ फ्रीमन म्हणून जगली. १७८३ पर्यंत अशाच खटल्यांतून मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी कायद्यापुढे टिकेना. दक्षिणेत मात्र तेच शब्द कोणी ऐकून घेतले नाहीत आणि त्यासाठी आणखी ऐंशी वर्षं आणि एक भयंकर युद्ध लागलं. ढोंग म्हणून मोडीत काढलं तर बेटचा विजय कुठे ठेवायचा?

त्रिज्या

हा प्रतिसाद वाचनखूण साठवावा असा आहे.

शिलेदार_९६

जरा लढाईबद्दल बोलूया का? वॉशिंग्टनने आपल्यासारखाच गनिमी कावा वापरून इंग्रजांना जेरीस आणलं, झाडामागून गोळ्या, छापे, पळ. शिवाजी महाराजांची आठवण येते.

मावळतीकर

शिलेदार, वॉशिंग्टनच्या बाबतीत हे पटत नाही. त्याला युरोपियन पद्धतीची कवायती फौज हवी होती, त्यासाठीच व्हॅली फोर्जच्या छावणीत प्रशियाचा फॉन स्टॉयबेन येऊन कवायत शिकवत होता. त्या १७७७-७८ च्या हिवाळ्यात बाराएक हजारांतली दोन हजारांच्या आसपास माणसं मेली, तीही रोगराईने. छापा म्हणायचा तर १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी ओलांडून ट्रेंटनला नऊशेच्या आसपास हेसियन (जर्मन) भाडोत्री सैनिक पकडले तो. पण वॉशिंग्टनचं खरं कर्तृत्व म्हणजे हरत हरतही सैन्य विस्कटू दिलं नाही. न्यूयॉर्क गेलं, फिलाडेल्फिया गेलं, सैन्य उरलं.

छापेमारी बघायची तर दक्षिणेत फ्रान्सिस मॅरियन आहे. आणि नॅथॅनिएल ग्रीन, जो जवळपास प्रत्येक मोठी लढाई हरला तरी कॉर्नवॉलिसला दमवून दमवून संपवलं. गिलफर्ड कोर्टहाउसला मार्च १७८१ मध्ये कॉर्नवॉलिस जिंकला पण चौथ्या हिश्शाहून जास्त माणसं गमावून बसला.

डॉक्टरबाई

माझ्या विषयातलं एक जोडते. फेब्रुवारी १७७७ मध्ये वॉशिंग्टनने अख्ख्या फौजेला देवी टोचायचा हुकूम दिला. तेव्हा जेनरची लस आली नव्हती, म्हणजे खऱ्या देवीच्या फोडातलाच पू कातडीत टोचायचा, माणूस थोडा आजारी पडायचा, काही मरायचेही. त्याआधी क्यूबेकवर गेलेलं अमेरिकन सैन्य देवीने पार मोडलं होतं. वॉशिंग्टनला स्वतःला तरुणपणी बार्बाडोसला देवी येऊन गेल्या होत्या त्यामुळे भीती कशाची बाळगायची ते त्याला नीट माहीत होतं. माझ्या मते युद्धातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच, कारण टोचलेली पलटण काही आठवडे लढायला निकामी, आणि हे शत्रूला कळू द्यायचं नाही.

जुनंपान

आणि फ्रेंच विसरू नका. ५ सप्टेंबर १७८१ ला द ग्रासच्या आरमाराने चेसापीकच्या तोंडावर इंग्रजी जहाजं अडवली नसती तर कॉर्नवॉलिस समुद्रातून निसटला असता. यॉर्कटाउनला रोशांबोची फ्रेंच फौज जवळजवळ अमेरिकनांइतकीच होती. त्या खर्चाने फ्रान्सची तिजोरी आणखी रिकामी झाली आणि १७८९ ला काय झालं ते माहीत आहेच.

शेवंता

मला घरातल्या लढाया जास्त लागतात मनाला. बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये स्वातंत्र्यासाठी मदत मागतोय आणि त्याचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनिष्ठ गव्हर्नर, अमेरिकनांच्या कैदेत. पुढे तो इंग्लंडला निघून गेला, बापाने मृत्युपत्रात त्याला जवळपास काही ठेवलं नाही आणि कारणही लिहून ठेवलं, की युद्धात तू माझ्याविरुद्ध वागलास. असे साठएक हजार राजनिष्ठ लोक देश सोडून गेले म्हणतात. प्रत्येक गावात कोणाचं तरी घर असं फुटलं असेल.

अनवट

खूप शिकायला मिळतंय, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. चार्ल्सकाठ यांचा पगाराचा मुद्दा आणि जुनंपान यांचा बंगालचा, हे दोन मिळून स्वस्त चहाचं कोडं सुटतं असं आता वाटतंय. धंदा होताच, पण धंदेवाल्यांमागे इतकी माणसं गेली नसती. एक शंका उरते. चहा फेकला हे तेव्हा सगळ्या अमेरिकनांना पटलं होतं का?

चार्ल्सकाठ

अजिबात नाही. वॉशिंग्टनला मालाची नासधूस आवडली नव्हती, फ्रँकलिनचं म्हणणं होतं की कंपनीला भरपाई द्या. लंडनने तेव्हा शहाणपण दाखवलं असतं तर बॉस्टन एकटं पडलं असतं. त्यांनी उलट केलं, १ जून १७७४ पासून अख्खं बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, गावसभा घ्यायलाही गव्हर्नरची परवानगी. फेकणारे मूठभर, शिक्षा सगळ्या गावाला. मग दक्षिण कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेक्टिकटहून मेंढ्या हाकत आणल्या, आणि सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले (जॉर्जिया आलं नाही). त्यांना एकत्र आणलं ते त्या शिक्षेने, चहाने नाही. एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली तेव्हाही बहुतेकांना राजाशी समेटच हवा होता, उघड स्वातंत्र्याची भाषा रुळली ती जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनचं पत्रक हातोहात खपल्यावर.

रोखठोक

हे मान्य. सामूहिक शिक्षेचं समर्थन माझ्याच्याने होणार नाही. कराच्या बाबतीत मात्र मी जागेवरच आहे :)

खमंग

चार्ल्सकाठ ताई, सप्टेंबरात आईबाबांना घेऊन बॉस्टनला येतोय. एका दिवसात काय दाखवू? बाबांना इतिहासाची फार आवड, पण गुडघे दुखतात.

चार्ल्सकाठ

या नक्की! बॉस्टन कॉमनपासून फ्रीडम ट्रेल सुरू होते, फुटपाथवर लाल विटांची रेघ आहे ती धरून चालायचं, पूर्ण केली तर चारेक किलोमीटर. गुडघे दुखत असतील तर अर्धीच करा. ग्रॅनरी कब्रस्तान चुकवू नका, सॅम अ‍ॅडम्स, हॅनकॉक, पॉल रिव्हिअर आणि १७७० मध्ये इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात मेलेले पाच जण तिथेच आहेत, त्यातला क्रिस्पस अ‍ॅटक्स हा आफ्रिकी आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाचा. मग ओल्ड साउथ मीटिंग हाउस, तिथे आत बाकांवर निवांत बसता येतं. फॅन्यूल हॉलजवळ जेवण. बंकर हिलच्या मनोऱ्याला २९४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तिथे तुम्ही वर जा, बाबांना समोरच्या म्युझियममध्ये सोडा. दुसरा दिवस काढता आला तर गाडीने कॉनकॉर्डचा नॉर्थ ब्रिज (लेक्सिंग्टनच्याच दिवशी तिथेही लढाई झाली), तिथे चालायला फार नाही.